गजांमधली जागा

स्वयंपाकघरातल्या खांबाचा गिलावा पडला तेव्हा मी फोनवर वर्षाराणीशी बोलत होतो. भाकरीएवढा तुकडा. आधी नुसती खरखर झाली, मला वाटलं उंदीर, मग तो तुकडा ओट्याच्या कडेवर आपटून फरशीवर फुटला. आवाज काही फार मोठा नव्हता. पण पोरीचे कान आईवर गेलेत.

"अप्पा, काय पडलं?"

"ताट पडलं."

"ताट असं वाजत न्हाय."

"मग कसं वाजतं? तूच वाजवून दाखव."

"फोन खांबाकडं धरा जरा."

धरला नाही. रेंज गेली असं म्हणून बंद केला. लातूरला बसून हिला खांबच कसा सुचतो याचा मला राग आला, पण कारण मला माहीत होतं. दिवाळीला आली होती तेव्हा तिनं त्या खांबावरची उभी चीर बोटानं चाचपली होती आणि मी म्हणालो होतो, रंग फुगलाय. ती सातव्या महिन्यात आहे. बाळंतपणाला माहेरी यायचं म्हणते. माहेरी आई, तिची अव्वा, नाही; मी आहे. तिच्या सासूनं दोनदा सुचवलं की इथंच राहा, तिकडं तुझं करणार कोण. तर पोरगी म्हणाली, अप्पा आहेत की. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर आतल्या खोलीतला पलंग एकट्यानं ओढून उन्हाच्या बाजूला लावला. तो पलंग आणि हा खांब यांच्यामध्ये एक भिंत आहे, चार इंची. खांबावरची तुळई त्या खोलीवरून जाते. म्हणजे गोष्ट साधी होती. पोरगी आणि तिचं लेकरू त्या तुळईखाली झोपणार होते, आणि तुळई ज्या खांबावर होती तो मी भरलेला होता.

मी मिस्त्री आहे. धाराशिवात बेंबळी रस्त्याच्या अंगाला मी बांधलेली घरं अजून उभी आहेत, लोक राहतात, वर मजले चढवतात. कुणाचा खांब फुटला तर मला बोलावतात. आणि माझ्याच घरात मी कुंचा घेऊन माझाच गिलावा गोळा करत होतो, आणि गोळा करतानाही वर बघत नव्हतो. वर बघितलं असतं तर गज दिसला असता. शेवटी बघितलं. गज लाल झाला होता आणि फुगला होता. लोखंड गंजलं की फुगतं, जागा मागतं, आणि जागा मिळाली नाही की वरचं कवच फोडून बाहेर येतं. हे मी किती जणांना शिकवलं असेल. मी सुपली तिथंच टाकली आणि बाहेर येऊन बसलो.

बाहेर बसलं की दुसरा त्रास. घरातलं एक माणूस गेलं की बाकीच्या जगाला त्या घरात नाक खुपसायचा हक्क मिळतो. नीलम्माला जाऊन आठ महिने झाले तरी लोक विचारतात, जेवलात का. जेवलो नसतो तर उभा असतो का? समोरची धुरपदाबाई तर विचारतही नाही, थेट पातेलं घेऊन येते. सत्तरीची बाई, दोन शेळ्या बाळगून आहे. या आळीतल्या बाळंतिणींना आणि पोरांना न्हाऊ घालणारी तीच, माझी वर्षाराणीही तिच्याच पायावर न्हालेली. त्या सकाळी पातेलं माझ्याजवळ ठेवून ती आत डोकावली.

"मिस्त्री, तुझा खांब सोललाय."

"दिसतंय मला."

"तर मंग बसलायस कशाला?"

"बसू नको तर काय, नाचू?"

"नाच की. पोरगी येणार म्हनल्यावर मानूस नाचतं. तू तोंड पाडून बसलायस. येणार हाय ना?"

"येणार."

"दगड-माती पडायला लागल्यावर कशी येईल? म्या तेल काढून ठिवलंय तिच्यासाठी." मग जाता जाता म्हणाली, "नीलम्मा असती तर आतापोत्तर तुझ्या हातात छिन्नी दिली असती तिनं."

नीलम्माचं नाव लोक असं सहज घेतात, मीठ मागितल्यासारखं. मला ते आवडत नाही. नाही घेतलं तर तेही आवडत नाही. पातेल्यात दूध होतं. ते मी चहाशिवाय तसंच प्यालो, कारण चहा करायला आत जावं लागलं असतं.

दुपारी शांतलिंग आला. हा नीलम्माच्या बहिणीचा मुलगा, उमरग्याचा, इंजिनियर आहे आणि इथंच ऑफिस टाकलंय. वर्षाराणीनं त्याला फोन केला होता हे त्यानं लपवलंही नाही. पायऱ्यांवर बूट काढत म्हणाला, "काका, वर्षाक्कानं सांगितलंय, तुमचं काय बी ऐकायचं न्हाय."

"मग माझ्या घरात कशाला आलास? तिच्या घरी जा."

"खांब इथं हाय ना."

त्याच्याकडं छोटी हातोडी होती. खांबाच्या तळापासून तो हळूहळू ठोकत वर चालला, कान लावून, डॉक्टर पाठीला नळी लावतात तसा. टण्ण. टण्ण. कमरेच्या वर गेल्यावर बद्द. पुन्हा बद्द. मला ऐकायची गरज नव्हती. या खांबाच्या पोटात कुठं काय आहे ते मला वीस वर्षांपासून पाठ आहे. तरी मी म्हणालो, गिलावा सुटलाय नुसता, आत काही नाही. तो म्हणाला, मग दोन फूट उघडून बघू. मी म्हणालो, उघडायचं नाही. तो म्हणाला, का? मी म्हणालो, माझं घर आहे. त्यानं हातोडी खाली केली आणि माझ्याकडं बघत राहिला. शिकलेल्या पोरांची ही एक सवय फार वाईट. भांडत नाहीत, बघत राहतात.

का ते त्याला काय सांगणार. सास्तूरला आमचं घर माळवदाचं होतं. भिंती तीन हात रुंद, बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि बारका गोटा. ज्याची भिंत रुंद तो मोठा, असं गाव समजायचं. बाहेरचा दगड आणि आतला दगड एकमेकाला कुठं धरलेले नव्हते, ते आम्हाला ठाऊक नव्हतं, रुंदी तेवढी दिसायची. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढरी माती. माळवद गळू नये म्हणून वडील दर उन्हाळ्यात दोन गाड्या पांढरी चढवायचे. त्यांच्या आधी आज्यानं चढवली होती. जुनी कुणी उतरवत नव्हतं. उन्हाळ्यात घरात गारवा असायचा, हिवाळ्यात ऊब, आणि थेंब म्हणून गळायचा नाही. वडील वर उभे राहून माती धुमसायचे आणि खाली उतरल्यावर हात झाडत म्हणायचे, आता काळजी न्हाय. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा मी सोलापूरला कामावर होतो. गावी पोचलो आणि हातानं उकरलं. आईला आणि वडिलांना दगड लागलेलाच नव्हता. माती होती नुसती. आज्यापासून चढवत आलेली सगळी माती.

मग पुनर्वसनाची घरं बांधायला बाहेरचे इंजिनियर आले आणि आमच्यासारख्या पोरांना हाताशी धरलं. मी तिथं शिकलो. ते सांगायचे, काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. गज ताण सोसतो. दोघांनी एकमेकाला नीट धरलं तर घर हलेल, पण पडणार नाही. आणि गज काँक्रीटच्या मालानं पूर्ण झाकला पाहिजे, हवा लागली की सडला. चांगलं समजावून सांगायचे. पण ज्यानं आईबाप उकरून काढलेत तो सगळं ऐकत नाही. मी त्यातलं लोखंड तेवढं ऐकलं. आमच्याकडच्या कितीतरी जणांचं तसंच झालं. कागदावर आठ गज असले की मालक म्हणायचा, बारा टाका. मिस्त्री म्हणायचा, चौदा टाकू. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं होतं. दोन हजार चारला याच आळीतली भाड्याची खोली सोडून मी हे घर बांधलं तेव्हा माझ्या खांबात मी सोळा टाकले. तेही बारा एमएमच्या जागी सोळा एमएम जाडीचे. त्यांना बांधणाऱ्या रिंगा तीन-तीन इंचावर. खांबाचा पिंजरा उभा केला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते आणि मला बरं वाटलं होतं.

नीलम्मा त्या दिवशी मजुरांसाठी चहा घेऊन फळीवर चढली. तिनं पिंजऱ्यात वरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, ह्यात मुंगी शिरायची न्हाय. खडी कुठनं जाईल?"

"तुला काय कळतं त्यातलं."

"मला पोतं भरायचं कळतं. हात घालायला जागा ठिवली न्हाय की खाली पोकळ ऱ्हातंय."

मजूर हसले. मी त्यांच्यावर ओरडलो, तिच्यावर नाही, तिच्यावर लोकांसमोर ओरडायची माझी पद्धत नव्हती, पण खांब भरून झाला तरी मी तो चहा प्यालो नाही. दुसऱ्या दिवशी खांबाभोवतीच्या साच्याच्या पाट्या काढल्या. खांबाच्या मधल्या भागात खडी वरच अडकून बसली होती आणि तिच्याखाली मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं होती, भोकांत उघडे गज. फोडून परत भरायला हवा होता. मी मजुरांना दुसऱ्या बाजूला लावलं आणि स्वतः घट्ट सिमेंटचा गिलावा करायला घेतला. दोन हात. असा गुळगुळीत की आरशासारखा. नीलम्मानं पाणी आणून दिलं, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "लई घाईनं केलाव." आणि गेली. त्यानंतर वीस वर्षांत तिनं त्या खांबाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त त्याला टेकून कधी बसली नाही. भाजी निवडायची तर भिंतीला टेकून बसायची. हे मला आत्ता, ती गेल्यावर, लक्षात येतं, आणि लक्षात आलं की मला तिचाच राग येतो. एकदा बोलली असती तर? मी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.

शांतलिंग ओट्यावर बसून मोबाईलवर काहीतरी टिपत होता. मी त्याला म्हणालो, दोन दिवसांनी बघू. तो म्हणाला, "काका, दोन दिवसांनी खांब सुधारणार हाय का?" मग जाताना लोखंडी जॅक पाठवतो म्हणाला, तुळईखाली लावून ठेवा. जॅक माझेच आहेत, माझ्या गोडाऊनला पडलेत, मला कोण जॅक पाठवणार. मी ते संध्याकाळच्या आत स्वतः आणून लावले. एवढं केलं. टेकू लावणं मला जमतं. टेकू लावणं मला फार चांगलं जमतं, त्यानंच माझं वाटोळं केलंय.

नीलम्मा पडली ती अशीच, स्वयंपाकघरात. पाय घसरला नाही, काही अडखळलं नाही. डबा उचलायला वळली आणि खाली. सोलापूरच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, कधीकधी माणूस पडून हाड मोडत नाही, आधी हाड मोडतं आणि मग माणूस पडतं. खुब्याजवळचं हाड आतून विरळ झालं होतं. बाहेरून काही कळत नव्हतं. ती चालत होती, पाणी भरत होती, बाजार करत होती. मी त्या फोटोकडं बघत बसलो. मला त्यात माझा खांब दिसला आणि मी तोंड फिरवलं. त्यांनी मांडीत गज घातला. डॉक्टर म्हणाला, उद्या हिला उभं करायचं, परवा चार पावलं. मला वाटलं हा चेष्टा करतो.

व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची, पंचविशीची असेल, आमच्या धाराशिवचीच. तिच्या पिशवीत हाडाचा कापलेला नमुना होता, प्लास्टिकचा. आत सगळी जाळी. ती म्हणाली, काका, ही जाळी उगीच नाही, जिकडून वजन येतं तिकडच्याच रेषेत ती विणलेली असते. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज बांधतं. भार आला की शरीर तिथं माल आणून टाकतं. भार बंद झाला की माल काढून दुसरीकडं नेतं. म्हणून काकूंना चालवा. मी तिला विचारलं, बाई, तुम्ही स्लॅब कधी टाकलाय का? ती हसली. मी हसत नव्हतो. स्लॅबचं सेंट्रिंग आम्ही एकवीस दिवस काढत नाही. त्याच्या आत टेकू काढला की स्लॅब बसतो. ताजं काम हलवायचं नाही, पाणी मारायचं, थांबायचं. तीस वर्षं मी हेच करत आलो आणि एकही स्लॅब बसला नाही. नीलम्माला घरी आणलं आणि मी तिला सांगितलं, एकवीस दिवस उठायचं नाही.

"अन् पाणी मारणार का माझ्यावर, सकाळ-संध्याकाळ?" ती म्हणाली.

"चेष्टा करू नको."

"न्हाय, गोणपाट बी गुंडाळा. उन्हानं तडे जातील."

मी हसलो नाही. कुशीला उशा लावल्या, पायाला उशा लावल्या, आंघोळ अंथरुणातच. ती पोरगी दोनदा घरी आली, दोनदा मी दारातूनच तिला सांगितलं की बरं आहे, आराम चाललाय. नीलम्मा आतून म्हणायची, "येऊ द्या की तिला, बोलायला तरी." मी म्हणायचो, एकवीस होऊ दे. धुरपदाबाई येऊन शिव्या द्यायची. बाईमानूस म्हंजी भिंत न्हाय, मिस्त्री, असं म्हणायची, उठव तिला. मला वाटायचं, हिला काय कळतं. मी फळ्यावर खडूनं तारीख लिहिली होती, सेंट्रिंगच्या पाटीवर लिहितो तशी. बाराव्या दिवशी नीलम्मा म्हणाली, मला नुसतं दारापोत्तर न्या, आळी बघते अन् परत येते. मी म्हणालो, नऊ दिवस राहिले. ती म्हणाली, "तुमी म्हणताव तर." सतराव्या दिवशी ताप आला, छाती भरली. छातीला हलायला जागाच मिळाली नाही, डॉक्टर म्हणाले, पडून पडून. तेविसाव्या दिवशी दवाखान्यातच तिनं जीव सोडला.

आमच्यात पुरतात, बसवून. एकवीस दिवस जिला मी बसू दिलं नाही, तिला लोकांनी उचलून ताठ बसवलं. मी तिथं उभा होतो. हे मी कुणाला बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणीचा फोन आला. मला वाटलं ती भांडेल, शांतलिंगनं सगळं सांगितलं असणार. मी तयारच होतो. ती भांडली असती तर मला बरं पडलं असतं, आवाज चढवता आला असता. ती शांतपणे म्हणाली, "अप्पा, शांत्या म्हणतो उघडून बघायला पाहिजे. तुमी म्हणता नुसता गिलावा हाय. मी काय इंजिनियर न्हाय. खांब तुमी भरलाय. तुमी सांगा, चांगला हाय, की मी रविवारी येते. परत विचारणार न्हाय."

मी खांबासमोरच उभा होतो. समोर लाल गज आणि बाजूला माझे दोन जॅक. चांगला आहे, एवढे दोन शब्द. हे शब्द मी आयुष्यभर मालकांना सांगत आलो आणि बहुतेक वेळा ते खरेही होते. पोरगी वाट बघत होती. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. मला इतका वैताग आला होता, तिचा, शांतलिंगचा, त्या हाडवाल्या पोरीचा, नीलम्माचा, वडिलांचा आणि त्यांच्या दोन-दोन गाड्या मातीचा. सगळ्यांनी माझं ऐकलं होतं. हाच तर घोटाळा होता. कुणीतरी मला ढकलून बाजूला करायला पाहिजे होतं, आणि जो तो म्हणत होता, तुम्ही म्हणता तर.

"पोकळ हाय," मी म्हणालो.

तिनं काही विचारायच्या आत मी पुढचंही सांगून टाकलं.

"कमरेपासून वर पोकळ हाय. गजच जास्त झाले. माल खाली उतरलाच न्हाय. मला तवाच दिसलं होतं. मी गिलावा मारला वरून."

"अव्वाला माहीत होतं?"

"होतं."

"हां," ती म्हणाली. कुकरखालचा गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाली, "अप्पा, ती व्यायामाची मॅडम मला बी फोन करायची. अव्वाला चालवत न्हायत म्हणून. मी तिला सांगितलं, अप्पा करतील ते बरोबर करतील."

मी जॅकच्या दांड्याला धरलं. "तू का न्हाय बोललीस मला?"

"तुमच्याशी कोण बोलतंय, अप्पा?"

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. मी फोन ठेवला नाही, तीही ठेवत नव्हती. शेवटी म्हणाली, कधी उघडणार? मी म्हणालो, आज.

शांतलिंगला बोलावलं. तो धावत आला, कुणीतरी मेल्यासारखा. मी त्याला छिन्नी लावू दिली नाही, त्याचा हात मऊ आहे. तळापासून वर न जाता मधूनच सुरू केलं. वीस वर्षांपूर्वीचा माझा गिलावा, फार चांगला झाला होता, निघता निघेना. मग एकदम मोठा पोपडा सुटला आणि आतली भोकं उघडी पडली. मूठ जाईल एवढं एक होतं. मी मूठ घालून बघितली. शांतलिंग वाकून बघत होता. मग म्हणाला, "काका, एवढे गज? ह्यात तर मालाला जागाच न्हाय."

"ते मला एकदा सांगितलंय एकीनं."

"काय करायचं म्हणता?"

"तू इंजिनियर. तू सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खरंच विचारतोय का म्हणून. मग बोलायला लागला. सैल झालेलं सगळं काढायचं, गंजलेले गज घासायचे, काही कापून काढायचे, हो, काढायचे, काका, सगळे ठेवायचे नाहीत, बाहेरून नवी जाळी, जागा सोडून, आणि बारीक खडीचा माल. तुळई तोवर जॅकवर. पुढची खोली या खांबावर नाही, तिला काही होत नाही. मी ऐकत होतो. बरोबर सांगत होता. दोनदा मला मधे बोलायचं होतं, गज काढू नको म्हणायचं होतं. दोनदा मी थुंकी गिळली. धुरपदाबाई आवाज ऐकून दारात येऊन उभी होती. कमरेवर हात. धुरळ्यात डोळे बारीक करून म्हणाली, "हे बघ, पोरगी पुढल्या खोलीत राहील. पोर काय दगडात वाढतंय का? पाण्यात असतंय ते. आई चालली, हलली, पडली-झडली तरी पाणी सांभाळतंय. तू नको सांभाळू."

मी तिला काही उत्तर दिलं नाही. तिला त्याचंच आश्चर्य वाटलं असावं, कारण ती गेली नाही, पायरीवर बसली.

मग वर्षाराणीचा फोन आला. शांतलिंगनं स्पीकर चालू केला आणि तिला सगळं सांगितलं, भोकं, गज, जॅक, पुढची खोली. ती म्हणाली, "मग मी रविवारी येते, पुढच्या खोलीत राहते. धूळ झाली तर समोर धुरपदा मावशीकडं जाऊन बसते. अप्पा, येऊ ना?"

माझ्या डोक्यात एकदम सगळं उभं राहिलं. रविवारी गर्दी. रस्त्यावरचे खड्डे. एसटीनं नको. गाडी केली तर ड्रायव्हर कसा असेल. जावईबापूंना रजा आहे का. मधल्या सीटवर बस. पिशवी उचलू नको. पायरी चढू नको, मी खाली येतो. सातवा आहे, त्यापेक्षा काम होईपर्यंत तिकडंच पडून राहा, हालचाल नको. हे सगळं माझ्या जिभेवर एका ओळीत आलं होतं, पाट्या रचून ठेवतात तसं. शांतलिंग माझ्याकडं बघत होता. धुरपदाबाई पण बघत होती.

"ये," मी म्हणालो.

"एसटीनं येऊ का गाडीनं?"

ती मुद्दाम विचारत होती का, मला कळलं नाही. विचारायची तिला सवयच आहे, माझ्यामुळं.

"तुझं तू ठरव."

 मग ती म्हणाली, "अप्पा, बरं हाय ना तुमाला?" आणि धुरपदाबाई पायरीवर खदखदून हसली. मी म्हणालो, मला काय झालंय, ठेव आता, काम चालू आहे.

तिनं ठेवला. मी शांतलिंगच्या हातातून माझा फोन घेतला आणि लगेच परत लावायला बोट पुढं केलं. मधल्या सीटवर बस, एवढंच. एवढं सांगायला काय हरकत होती. मी तो फोन शांतलिंगच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"संध्याकाळपर्यंत मागितला तरी द्यायचा न्हाय मला."

"अन् अक्काचा आला तर?"

"तू बोल. काय खायचं मन हाय ते विचार. दुसरं काय बी सांगू नको."

"अन् तुमी हिसकावून घेतलाव तर?"

"तर पळ."

मी छिन्नी उचलली आणि खांबाकडं वळलो. शांतलिंग मागं दोन पावलं सरकून उभा राहिला, खिशावर हात ठेवून. अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात माझा हात दोनदा माझ्या रिकाम्या खिशाकडं गेला, आणि दोन्ही वेळा मी शिव्या देत तो परत हातोडीवर आणला.